जेरुसलेम आर्टिचोक (टोपिनांबुर): लावावं का, आवरावं कसं, खावं किती?

रानमेथी
मंडळी, आम्ही जर्मनीत कार्ल्सरुहजवळ राहतो आणि यंदा भाड्याने बागेचा तुकडा मिळाला आहे. शेजारच्या तुकड्यात गेल्या वर्षी सूर्यफुलासारखी पिवळी फुलं आलेली उंचच उंच झाडं होती. चौकशी केली तर म्हणाले, टोपिनांबुर, म्हणजे जेरुसलेम आर्टिचोक. खाली आल्यासारखे वेडेवाकडे गड्डे लागतात. शेजाऱ्यांनी बेणं फुकट देऊ केलं आहे. पण त्याच वेळी दुसऱ्या एका आजोबांनी हळूच सांगितलं, "घेऊ नका, आयुष्यभर निघणार नाही."

माझे प्रश्न:
कुठे आणि कसं लावायचं, आणि पसरू नये म्हणून आधीच काय करता येईल? आमच्याकडे उंदरासारख्या प्राण्यांची बिळं आहेत, त्यांचं काय?
सासूबाईंना मधुमेह आहे, त्या दिवाळीनंतर सहा महिने इथे असतात. बटाट्याऐवजी हे चालेल, असं सगळीकडे वाचते. कितपत खरं?
याने पोटात प्रचंड वात धरतो असंही ऐकलं. आपल्या पद्धतीच्या भाजीत काही उपाय आहे का? आणि उपवासाला चालेल का, हा प्रश्न घरातून आलाच आहे.

कुदळफावडे
लावायला याच्याइतकं सोपं पीक नाही. जो विचार करायचा तो लावण्याआधी करायचा, कारण नंतर जागा बदलता येत नाही.

आधी बागेच्या संघटनेची नियमावली वाचा. काही ठिकाणी टोपिनांबुरला बंदी असते किंवा अडथळा घालूनच लावायची अट असते. नदीकाठाने हे रानोमाळ पसरलेलं तुम्ही ऱ्हाइनच्या परिसरात पाहिलं असेलच, बंदीमागे तेच कारण आहे.

जागा: पूर्ण ऊन, पाण्याचा निचरा होणारी भुसभुशीत जमीन. चिकणमातीतही वाढतं, पण काढणीला गड्ड्यांच्या खाचाखोचांत माती अशी बसते की धुता धुता जीव जातो. आणि उत्तरेच्या कडेलाच लावा. झाड दोन-अडीच मीटर सहज जातं, दक्षिणेला लावलंत तर बाकीच्या वाफ्यांवर सावली पडेल.

बेणं: कोंबडीच्या अंड्याएवढा, साधारण ५० ते ६० ग्रॅमचा, दोन-तीन डोळे असलेला कंद घ्या. मोठा असेल तर कापला तरी चालतो, पण प्रत्येक तुकड्याला डोळे हवेत. सुकलेलं बेणं घेऊ नका. बटाट्यासारखी जाड साल याला नसते, उघड्यावर ठेवलं की आठवड्यात सुरकुततं. शेजारी देत असतील तर "लावायच्या दिवशीच उकरून द्या" म्हणावं. त्यांचे कंद फार गाठींचे असतील तर मात्र नम्रपणे नाही म्हणा आणि हिवाळ्यात बायोलाडेनमध्ये (सेंद्रिय मालाच्या दुकानात) खायला मिळणाऱ्यांतले गुळगुळीत निवडून तेच लावा, उगवतात. एकदा गाठींची जात लावलीत की दरवर्षी सोलताना शिव्या द्याल. फ्युझो नावाची फ्रेंच जात लांबट आणि गुळगुळीत असते, स्वयंपाकाला ती उत्तम. बियांच्या पाकिटावर नुसतं आर्टिचोक लिहिलेलं असेल तर ते वेगळंच झाड, काटेरी कळी खातात ते. टोपिनांबुर कंदापासूनच लावतात.

लावणी मार्च-एप्रिलमध्ये, जमीन फावड्याला सुटी लागायला लागली की लगेच. थंडीचं भय नाही, जमिनीतला कंद उणे ३० अंशांपर्यंतही टिकतो. खोली १० ते १५ सेंमी, दोन झाडांत ४० सेंमी, दोन ओळींत ८० ते १०० सेंमी. दोन माणसांच्या घराला पाच-सहा झाडं रग्गड झाली. चांगल्या जमिनीत एका झाडाखाली एक ते दोन किलो निघतं आणि हा काही रोज खायचा प्रकार नाही.

खत बेतानं. चौरस मीटरला एक पाटी कंपोस्ट आणि मूठभर लाकडाची राख, बस. नत्र जास्त झालं की सगळी ताकद पाल्यात जाते, झाड लोळतं आणि खाली पोसत नाही. झाड गुडघ्याएवढं झालं की बुंध्याला मातीची भर लावा. पाणी खरं लागतं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. वर फुलं दिसायला लागतात त्याच सुमारास खाली कंद भरत असतात आणि इथले उन्हाळे आता कोरडे जातात. वाऱ्याची जागा असेल तर जुलैत शेंडे छाटून उंची दीड मीटरवर आणा, उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. फुलं खुडावीत असं काही जण सांगतात. मी म्हणेन राहू द्या, शरदात मधमाश्यांना दुसरं फारसं काही नसतं.

आता आजोबांचा मुद्दा. ते खरंच सांगत आहेत. काढणीत कितीही बारकाईने खणलं तरी शेंगदाण्याएवढे तुकडे राहतातच, आणि त्यातला प्रत्येक उगवतो. म्हणून जमिनीत प्लास्टिकची जाड पट्टी पुरा. बांबूसाठी मिळते तीच, ६० सेंमी रुंदीची. नाहीतर बांधकामाचं ९० लिटरचं घमेलं-टब घ्या, तळाला बोटभर जाडीची पाच-सहा भोकं पाडा आणि त्यात दोन कंद लावा. उत्पन्न कमी येतं, पाणी जास्त द्यावं लागतं, पण रात्री झोप लागते.

पुढे कधी काढून टाकायचं झालंच तर वेळ महत्त्वाची. हिवाळ्यात रोटर फिरवणं म्हणजे बेण्याचे तुकडे करून पेरणीच. मे अखेर ते जून, कोंब ३०-४० सेंमी झाले की जुना कंद रिकामा झालेला असतो आणि नवा धरलेला नसतो. त्या खिडकीत बुंध्यासकट उपटा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नवे कोंब काढत राहा. किंवा तिथे हिरवळ लावून दोन हंगाम सतत कापा. कच्चे कंद कंपोस्टमध्ये टाकू नका, आधी उकळा.

बिळांचं: ती व्ह्यूलमाउसची (मुळं-कंद कुरतडणाऱ्या शेतउंदराची) आहेत की मोलची (जमिनीखाली राहून किडे-गांडुळं खाणाऱ्या प्राण्याची) ते आधी ओळखा, कारण मोलला इथे कायद्याने संरक्षण आहे. बीळ हातभर लांबीत उघडं करून ठेवा. व्ह्यूलमाउस असेल तर काही तासांत तोंड बुजवतो, मोल सहसा तिकडे लक्ष देत नाही किंवा खालून नवा रस्ता काढतो. व्ह्यूलमाउसला टोपिनांबुर म्हणजे पक्वान्न. वर झाड ताठ उभं आणि खाली काढायला जावं तर निव्वळ पोकळी, असा प्रकार होतो. उपाय एकच खात्रीचा: १३ मिमीहून मोठी भोकं नसलेल्या तारजाळीची टोपली करून तीत लावणे. टब असेल तर भोकांवरही तीच जाळी टाका.

रोगांत भुरी आणि तांबेरा शेवटी शेवटी पानांवर येतात, दुर्लक्ष करा. गंभीर एकच, पांढऱ्या बुरशीची खोडकूज. खोडाच्या बुडाला कापसासारखं पांढरं दिसतं, खोड चिरलं की आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे निघतात. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जगतात. असं झाड मातीसकट उचलून घरच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या जागी सूर्यफूल, घेवडा, सॅलड, गाजर लावू नका, यांच्यावर तीच बुरशी येते. कोवळ्या कोंबांना गोगलगाई लागतात, पहिले दोन आठवडे रात्री बॅटरी घेऊन वेचा.

काढणी: पहिल्या कडक थंडीने पाला काळा पडला की खोड वीतभर ठेवून कापा, म्हणजे कंद कुठे आहेत ते कळतं. दोन आठवडे थांबा, मग लागेल तेवढंच खणा. बाकी जमिनीतच. हेच याचं कोठार. मार्चमध्ये कोंब फुटायच्या आत संपवा.

मक्याचं_कणीस
कुदळफावडे यांनी सगळं सांगितलंच आहे, मी ओहायोतून थोडी भर घालते. इथे हे घरचंच झाड. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी युरोपियन येण्याआधीपासून लावत होते. शांप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने १६०५ मध्ये केप कॉडला यांची शेतं पाहिली आणि चव आर्टिचोकसारखी लागते असं लिहून ठेवलं. तिथून फ्रान्स आणि मग तुमच्याकडे.

इकडे वाचणाऱ्यांसाठी: हरणं शेंडे खातात, ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी) अख्खं झाड आडवं करतो, म्हणून पहिल्या वर्षी तरी कुंपण हवं. हंगाम छोटा असेल तर स्टँपीड ही लवकर येणारी जात घ्या. आमच्याकडे जानेवारीत जमीन दगडासारखी गोठते, तेव्हा "जमिनीतच ठेवा" हा सल्ला तसाच्या तसा चालत नाही. गोठण्याआधी ओळीवर फूटभर गवताचा थर टाका, वर फळी ठेवा. मग हवं तेव्हा फळी सरकवून खणता येतं. त्या गवताखाली उंदीर घरटं करतात, तेव्हा तारजाळी इथेही लागतेच.

फ्रिजमध्ये ठेवायचे तर न धुता, किंचित ओलसर वाळूत किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत, भाजीच्या खणात. दोन-तीन आठवडे छान राहतात. कच्चे फ्रीझरमध्ये टाकू नका, काळे आणि लगदा होतात. शिजवून, वाटून मग गोठवा.

ताकभात
मी आहारशास्त्रात काम करते, मधुमेहाच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण यावर फिरणाऱ्या ढकलपत्रांत निम्मी माहिती खरी आणि निम्मी घातक असते.

बटाट्यात स्टार्च असतो, याच्या कंदात जवळजवळ नसतो. झाड आपला साठा इन्युलिनच्या रूपात करतं. ही फ्रुक्टोजची साखळी असते आणि ती तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्यामुळे ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू ती खातात. म्हणून जेवणानंतर साखर बटाट्यासारखी उसळत नाही. इथवर खरं. इन्युलिनमुळे मधुमेह बरा होतो किंवा ते इन्सुलिनचं काम करतं, हे साफ चूक. नावं सारखी वाटतात एवढंच.

आकडे: कच्च्या १०० ग्रॅम कंदात पाणी ७८ ग्रॅम, कर्बोदकं १७ ग्रॅम, प्रथिनं २ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ नाहीतच. या कर्बोदकांचा बहुतांश भाग इन्युलिन. ताज्या कंदात ते कमी-जास्त, १४ ते १९ टक्क्यांपर्यंत भरतं. पोटॅशियम ४२९ मिग्रॅ, लोह ३.४ मिग्रॅ, फॉस्फरस ७८ मिग्रॅ. बटाट्यात लोह १ मिग्रॅपेक्षा कमी असतं, म्हणजे लोहाच्या बाबतीत हे सरस. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात ७३ कॅलरी आणि तंतू फक्त १.६ ग्रॅम दिसतात, त्याने गोंधळू नका. जुन्या मापनपद्धतीत इन्युलिन बहुतेक सुटून जातं आणि मग ते साध्या कर्बोदकांत मोजलं जातं. प्रत्यक्षात इन्युलिनच्या ग्रॅममागे शरीराला दीड ते दोन कॅलरीच मिळतात.

यातूनच एक धोका निघतो. सासूबाई इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, आणि मोबाइलवरच्या तक्त्यात १७ ग्रॅम कर्बोदकं बघून डोस ठरवत असाल, किंवा पोळी-भाताऐवजी हेच ताटात वाढत असाल, तर साखर खाली जाऊ शकते. पोळी-भात नेहमीएवढाच ठेवा, हे भाजीच्या जागी वाढा, आणि पहिल्या दोन-तीन वेळा जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा. बदल मोठा करायचा तर डॉक्टरांना विचारून.

आणखी एक बारकावा फार कमी ठिकाणी सांगतात. थंडीत कंद जमिनीत असोत वा फ्रिजमध्ये, त्यातलं इन्युलिन हळूहळू तुटत जातं. साखळ्या आखूड होतात, काही फ्रुक्टोज आणि साखर मोकळी होते. फेब्रुवारीतले कंद गोड लागतात ते त्यामुळे. म्हणजे साखरेच्या दृष्टीने नोव्हेंबरचे कंद बरे आणि पोटाच्या दृष्टीने फेब्रुवारीचे थोडे सौम्य. दोन्ही फायदे एकाच कंदात मागू नका. नोव्हेंबरात खायचे तर प्रमाण कमी ठेवा.

प्रमाण किती? बहुतेकांना एका वेळी पाच-सात ग्रॅम इन्युलिन सोसतं. म्हणजे कंद ३० ते ४० ग्रॅम, सुपारीपेक्षा जरा मोठे दोन तुकडे. आठवडाभर तेवढंच, मग हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी वाटीभर भाजी खाल्लीत तर पोट नगाऱ्यासारखं होणार, त्यात भाजीचा काही दोष नाही. आतड्यातले जिवाणू ते खाऊन वायू सोडतात, हा त्यांचा धर्म.

कुणी अजिबात खाऊ नये: जन्मजात फ्रुक्टोज न सोसणारे. आयबीएसचा (आतडी नाजूक असून वारंवार पोट बिघडण्याचा) त्रास असणाऱ्यांनी टाळलेलं बरं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजून खायला सांगितलं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

उपवास: धर्मशास्त्र सांगणं माझं काम नाही. बटाटा आणि रताळंही अमेरिकेतूनच आले, तेव्हा परकं म्हणून नाकारायचं कारण दिसत नाही. पण रिकाम्या पोटी, सोबत दुसरं काही नसताना, हे सर्वांत वाईट सोसतं. नवरात्रात तसेही कंद तयार नसतात. महाशिवरात्रीला असतात, तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीत दोन-चार काचऱ्या टाकून भागवा.

फोडणीची_पोळी
आता चुलीकडे वळू.

पहिलं म्हणजे सोलायचा अट्टहास सोडा. जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, गाठी मोडून खाचा साफ करा, साल खाता येते. सोलायचंच असेल तर आधी उकडू नका. मोठ्या गाठी कापून चमच्याच्या कडेने आल्यासारखं खरवडा. चिरल्यावर दोन मिनिटांत तपकिरी पडतं, म्हणून लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस घालून त्यात टाकत जा.

लोखंडी कढई नको. कंदातल्या द्रव्याची लोहाशी गाठ पडली की भाजी करडी-काळी होते. चव बिघडत नाही पण ताटात कुणी हात लावत नाही. स्टीलची घ्या.

दुसरी मोठी गोष्ट, हे बटाट्यासारखं शिजत नाही. पाच मिनिटं कडक, सहाव्या मिनिटाला ठीक, आठव्याला लगदा. त्यावर उपाय आंबट. आपण आमसूल किंवा चिंच सहसा शेवटी घालतो. इथे सुरुवातीलाच घाला. आंबटात तुकडे धरून राहतात, रंग पांढरा राहतो आणि इन्युलिनही थोडं तुटतं.

काचऱ्या: पाव किलो कंद, ३ मिमी जाडीच्या चकत्या. मोठा चमचा तेल, मोहरी, पाव चमचा हिंग, अर्धा चमचा ओवा, हळद. दोन आमसुलं आणि चकत्या एकदम टाका, वरून दोन चमचे पाणी, झाकण ठेवून चार मिनिटं. झाकण काढून मीठ, तिखट, आणि मोठ्या आचेवर कडा लाल होईपर्यंत परता. गूळ घालू नका, मुळातच गोडसर असतं. वरून ओलं खोबरं आवडत असेल तर. हिंग-ओव्याने वात जातो असं छातीठोक सांगणार नाही, पण पोटाला बरं वाटतं आणि चवीला तर हवंच.

वात खरोखर कमी करायचा असेल तर पातळ चकत्या भरपूर पाण्यात, लिटरला दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून, १५-२० मिनिटं उकळा आणि ते पाणी ओतून द्या. इन्युलिन गरम पाण्यात विरघळतं, त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर जातं. ताकभात म्हणतील, मग फायदाही गेला. गेलाच. पण पाहुण्यांना जेवायला बोलावलं असेल तेव्हा हाच मार्ग.

वडे-पॅटिसच्या नादाला एकट्याने लागू नका. स्टार्च नाही, त्यामुळे काहीच बांधून धरत नाही, तेलात फुटतात. निम्मा उकडलेला बटाटा लागतो, म्हणजे मधुमेहाचा हेतू संपला. याउलट सारासाठी फार सुंदर. शिजवून वाटलं की सायीसारखं मऊ होतं, क्रीमची गरज पडत नाही. ताक लावून, जिरं-मिरचीची फोडणी देऊन, कढीसारखं करा.

चिप्स करणार असाल तर तेल १५० ते १६० अंशांवर ठेवा. बटाट्याच्या तापाला टाकलेत तर आत ओले आणि बाहेर जळके निघतील, साखरेमुळे. शिंगाड्यासारखा करकरीत कच्चा कीस कोशिंबिरीत छान लागतो, पण कच्चाच असल्याने प्रमाण अगदी थोडं.

लोणचं: अमेरिकेच्या दक्षिणेत, कॅरोलायनाकडे, मोहरी-हळद-व्हिनेगर घालून याचं लोणचं करतात, आपल्या फेसलेल्या मोहरीच्या लोणच्याचं भावंडच. दुसरा प्रकार म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवणं. लिटर पाण्याला ३० ग्रॅम मीठ, सोबत आलं, मिरची, कंद पाण्याखाली दाबून ठेवायचे. वर तरंगला तो तुकडा बुरसला म्हणून समजा. आठवडा ते दहा दिवस. आंबवताना जिवाणू आधीच थोडं इन्युलिन खाऊन टाकतात, त्यामुळे पोटाला हलकं पडतं.

पीठही होतं. ३ मिमी चकत्या लिंबाच्या पाण्यातून काढून ५०-५५ अंशांवर कडकडीत वाळवा आणि दळा. हवेतली ओल फार ओढतं, दोन दिवस उघडं राहिलं तर दगड होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पोळीच्या कणकेत दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, पोळी चिवट होते आणि तव्यावर पटकन लाल होते.

निफाडकर
चर्चा चांगली चालली आहे, मध्येच विचारतो. आमच्या भागात एक कंपनी याचं बेणं विकायला आली आहे. महागडं बेणं, पण "माल आम्हीच विकत घेऊ, इन्युलिनला मागणी आहे" असं सांगतात. नाशिक जिल्ह्यात हे पीक येईल का?

मृद्गंध
निफाडकर, उगवेल. परवडेल का, हा प्रश्न आहे.

दिवस लहान व्हायला लागले की या झाडाला खाली कंद धरायचा इशारा मिळतो. कार्ल्सरुहला जूनमध्ये १६ तासांचा दिवस असतो, तिथे झाड आधी पुरुषभर वाढून घेतं आणि मग सप्टेंबरात कंद भरतं. नाशिकला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आत. त्यामुळे बहुतेक जातींना वाढायच्या आधीच लहान दिवस दिसतो. झाड बुटकं राहतं, लवकर फुलतं, खाली थोडंसंच लागतं. तिकडचे उत्पन्नाचे आकडे इथे लावू नका.

दुसरं, ताज्या कंदाला सुप्तावस्था असते आणि ती मोडायला काही आठवडे थंडी लागते. आपल्याकडे ती जमिनीत मिळत नाही, म्हणजे बेणं शीतगृहात ठेवणं आलं. तिसरं, काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की कंद सडतात, आणि हुमणी असेल तर उरलेले ती खाते. चौथं, पातळ सालीमुळे काढलेला माल कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. घेणारा आला नाही तर आठवड्यात वजन आणि भाव दोन्ही गेले. जनावरांना घालता येतो, कंदही आणि पालाही, पण महागड्या बेण्याचा खर्च त्यातून निघत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९८१ ते १९८३ च्या दरम्यान नेमकं हेच झालं. इथेनॉल होईल, चारा होईल, सगळं विकत घेऊ, असं सांगून शेतकऱ्यांना चढ्या भावाने बेणं विकलं. प्रत्यक्षात कारखाना आणि बाजार उभाच नव्हता, नव्या शेतकऱ्याला बेणं विकणं हाच धंदा होता. कंपनी बुडाली आणि कंद शेतात राहिले. आपल्याकडे सफेद मुसळी आणि एमूच्या वेळी शेतकऱ्यांनी जे भोगलं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको.

तुमच्या कंपनीला तीन गोष्टी विचारा. प्रक्रियेचा कारखाना कुठे आहे आणि तो बघता येईल का? महाराष्ट्रात मागच्या हंगामात ज्यांचा माल घेतला अशा शेतकऱ्यांची नावं द्या. आणि बेण्याचे पैसे मालातून वळते करून घ्याल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर चहा पाजून निरोप द्या. हौसच असेल तर विहिरीजवळच्या हलक्या जमिनीत चार सऱ्या लावून बघा. बेणं परदेशातून कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून मागवू नका, लावायच्या कंदाला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. घाटात रस्त्याकडेला पिवळ्या फुलांची तशीच दिसणारी झुडपं असतात ती टिथोनिया, त्यांच्याखाली कंद नसतात.

रानमेथी
सगळ्यांचे आभार, इतकं तपशीलवार उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. निफाडकर, तुमच्या प्रश्नामुळे मलाही कळलं की दिवसाच्या लांबीचा एवढा संबंध असतो.

नियमावलीत बंदी नाही, पण "पसरणाऱ्या झाडांना अडथळा आवश्यक" असं कलम आहे. उत्तरेच्या कुंपणालगत दोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद पट्टा ठरवला आहे. ६० सेंमीची पट्टी पूर्ण पुरायची का? आणि बाडेनमध्ये याची दारू मिळते ती यापासूनच ना? शेजारी "टोपी" म्हणाले, मला वाटलं डोक्यावरची.

कुदळफावडे
हो, तीच. टोपी म्हणतात, रोसलरही म्हणतात. कंद आंबवून गाळलेली, मातकट वासाची, जेवणानंतर घोटभर घेतात. घरी करायच्या भानगडीत पडू नका, परवान्याशिवाय गाळणं हा इथे गुन्हा आहे.

पट्टी पूर्ण पुरू नका. ५ सेंमी जमिनीच्या वर राहू द्या, नाहीतर वरच्या मातीतून आडवे फुटवे कडेवरून पलीकडे जातात. खड्डा ५५ सेंमी खोल. जिथे दोन टोकं जुळतात तिथे ती १५ सेंमी एकमेकांवर चढवून दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळा, नुसता चिकटपट्टीचा सांधा पहिल्याच वर्षी उघडतो. कोपरे काटकोनात मोडू नका, गोलसर वळवा. काटकोनात पट्टीला चीर जाते. आणि दोन बाय एकच्या पट्ट्यात चार कंद पुरे, शेजाऱ्यांनी पिशवीभर दिले तरी बाकीचे भाजीला.